लाटपाद्री बडोद्यास आले होते

गेल्या अंकात बोलता बोलता आम्ही एका इंग्रज बिशपांचे नाव घेतले. १८२५ साली ते बडोद्यास आले होते, एवढेच ते वाक्य. त्यावर दांडिया बाजारातील आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांचे चांगले दोन पानी पत्र आले. त्यांचे अक्षर अजूनही पूर्वीसारखेच टपोरे आहे, आणि रागही. ते लिहितात, "गुरुजी, आपल्या मासिकात मुंजी येतात, लग्ने येतात, कुळांच्या हकीकती येतात, गणेशोत्सवाचा वृत्तांत येतो. ते आपले आहे. या गोऱ्या पाद्र्याचे आणि आपले नाते काय? उद्या तुम्ही त्याची जन्मकथाही सांगाल!"

सांगावी असे आम्ही ठरविले आहे. स्नेह्यांचा मान राखूनच सांगतो. या गृहस्थांचे आणि आपले नाते आहे, आणि ते एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी आहे. एक येथे, बडोद्यास. दुसरे पार दक्षिणेत, तंजावरास, जेथे आपल्याप्रमाणेच काही मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी बोलत राहिली. तिसरेही एक नाते आहे; परंतु ते आमच्या घरचे आहे, ते ओघात येईल.

रेजिनल्ड हेबर हे त्यांचे नाव. जन्म २१ एप्रिल १७८३, इंग्लंडातील चेशायर परगण्यातील माल्पस या गावी. वडील धर्मोपदेशक, घरचे खाऊनपिऊन सुखी. थोरले सावत्र बंधू रिचर्ड यांना ग्रंथसंग्रहाचे वेड, आणि वेड हाच शब्द योग्य. लाखाच्या वर पुस्तके त्यांनी जमविली. अशा घरात वाढलेला मुलगा ऑक्सफर्डास गेला आणि १८०३ साली पॅलेस्टाइनवरील काव्याबद्दल त्याने बक्षीस मिळविले. काव्य वाचून दाखविले त्या वेळी सर वॉल्टर स्कॉट तेथे होते, आणि त्यांनी एक सूचना केली ती कवीने तेथल्या तेथे मान्य करून ओळी वाढविल्या, अशी गोष्ट सांगतात. पुढे युरोपचा प्रवास झाला, धर्मदीक्षा झाली, हॉडनेट या खेड्यात धर्मगुरूचे काम मिळाले, १८०९ साली अमेलिया शिप्ली यांच्याशी विवाह झाला. पुढली चौदा वर्षे खेड्यात गेली. आजाऱ्यांच्या उशाशी बसणे, मुलांना शिकविणे, रविवारची प्रवचने, आणि उरल्या वेळात स्तोत्ररचना. त्यांची काही स्तोत्रे आजही जगभरच्या ख्रिस्ती देवळांतून गायिली जातात. पहिले अपत्य त्यांनी १८१८ साली गमाविले. ते दुःख त्यांच्या लिखाणात पुढेही मधूनमधून डोकावते.

असा हा खेड्यातला सुखवस्तू, सुशिक्षित, कवीमनाचा पाद्री. त्यास १८२२ च्या अखेरीस विचारणा झाली की कलकत्त्याचे बिशपपद घ्याल काय? कलकत्त्याचे पहिले बिशप मिडल्टन त्याच वर्षी वारले होते. हेबर यांनी दोनदा नकार दिला. पत्नी, तान्ही मुलगी, हिंदुस्थानचे हवापाणी. नकारानंतर मन खाऊ लागले, म्हणून अखेरीस होकार कळविला, आणि ऑक्टोबर १८२३ मध्ये ते सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. जहाजावरच त्यांनी हिंदुस्थानी व फारसीचे धडे घेण्यास आरंभ केला होता. ही गोष्ट आम्ही मास्तरकीच्या सवयीने मुद्दाम टिपून ठेवतो. चाळिशीचा मनुष्य, पदाने एवढा थोर, आणि जेथे जावयाचे तेथल्या लोकांची भाषा बोटीवर बसून पाठ करतो!

कलकत्त्याचे बिशप म्हणजे त्या काळी काय प्रकरण होते याची वाचकांस कल्पना यावी. अवघा कंपनीचा मुलूख, सिंहलद्वीप, इतकेच नव्हे तर ऑस्ट्रेलियातील नवी वसाहतही त्याच एका गादीखाली. मुंबईस स्वतंत्र बिशप १८३७ साली आले. तोवर बडोद्याच्या छावणीतील गोऱ्या शिपायाचा धर्माधिकारी कलकत्त्यास बसे. लोकांनी या पदाला आपल्या पद्धतीचे नाव दिले होते, लाटपाद्री. जसे लाटसाहेब तसे लाटपाद्री. हेबर यांना या नावाची गंमत वाटे.

मिडल्टन यांच्या काळात एतद्देशीय मनुष्यास अँग्लिकन पंथाची धर्मदीक्षा देण्याचा अधिकार आपणांस आहे की नाही, या कायद्याच्या प्रश्नावर गाडे अडले होते. हेबर यांच्या काळात ते सुटले. १८२४ साली त्यांनी ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या तमिळ गृहस्थांस दीक्षा दिली. हे डेव्हिड तंजावरच्या श्वार्ट्‌झ नामक जर्मन धर्मोपदेशकाचे शिष्य. श्वार्ट्‌झ हे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे, पुन्हा लागेल.

१५ जून १८२४ रोजी हेबर कलकत्त्याहून निघाले. पत्नी आणि लहान मुली मागे राहिल्या. सोबत स्टो नावाचे तरुण स्नेही आणि धर्मसहायक होते. ते डाक्क्यास पोहोचताच आजारी पडून वारले. पुढला सारा प्रवास हेबर यांनी जवळपास एकट्याने केला. गंगेतून नावेने भागलपूर, काशी, प्रयाग. मग लखनौ, बरेली, हिमालयाच्या कुशीतले अल्मोडा, परत मीरत, दिल्ली, आग्रा, जयपूर, अजमेर, नीमच आणि बांसवाड्याच्या बाजूने भिल्लांचा डोंगराळ मुलूख. रोज रात्री तंबूत दिवा लावून ते दिवसभराचे लिहीत. मुख्यतः ते पत्नीसाठी होते. म्हणूनच त्या लिखाणात उपदेशापेक्षा पाहिलेले अधिक आहे. कोणते झाड, कोणते पीक, पाण्याला किती मैल जावे लागते, बैलगाडीचे चाक कसे असते, पालखीचे भोई काय गातात. हातास चित्रकलाही होती. पुढे ग्रंथ निघाला त्यात त्यांनी काढलेल्या रेखाटनांवरून केलेली चित्रे आहेत.

मार्च १८२५ मध्ये ते बडोद्यास आले. गादीवर दुसरे सयाजीराव होते. हे आपल्या सर्वांच्या मनातले सयाजीराव महाराज नव्हेत. ते तिसरे. हे १८१९ साली गादीवर आलेले आणि १८४७ पर्यंत राज्य केलेले. कंपनीच्या तैनाती फौजेचा खर्च आणि जुन्या कर्जांच्या हमीचे ओझे डोक्यावर, रेसिडेंट विल्यम्स साहेबांची नजर पाठीवर, अशी त्या राज्याची अवस्था. अशाही स्थितीत पाहुण्यांची बडदास्त गायकवाडी इतमामानेच झाली. घोडेस्वार सामोरे गेले, हत्ती सजले. महाराजांच्या लवाजम्यात रुपेरी साखळीने बांधलेला शिकारी चित्ता होता, आणि एक गेंडा होता. हा गेंडा गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांनी महाराजांस भेट दिलेला, आणि इतका माणसाळलेला की माहूत त्याच्या पाठीवर बसून हत्तीसारखा त्यास चालवी. गेंडीगेटातून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या वाचकांस या गेंड्याचे विशेष कौतुक वाटेल.

शहराविषयी त्यांनी थोडेच लिहिले आहे. गाव मोठे, वस्ती दाट. घरे बहुतेक लाकडाची, उतरत्या कौलारू छपरांची. आणि रस्त्याच्या कडेने घरांना लागून ज्या ओसऱ्या-सज्ज्यांच्या रांगा होत्या त्या पाहून त्यांना आपल्या मुलखातील चेस्टर शहराची आठवण झाली. राजवाडा त्यांच्या मनास आला नाही. रस्त्याला अगदी लागून, चार मजली, एकावर एक पुढे आलेल्या लाकडी सज्ज्यांचा, पण कळकट, असे ते म्हणतात. लक्ष्मीविलास राजवाडा उभा राहण्यास त्या वेळी पासष्ट वर्षांचा अवकाश होता, हे ध्यानात घ्यावे. तरीही 'कळकट' हा शब्द वाचताना आमच्यातला बडोदेकर थोडा दुखावला, हे कबूल करतो.

चेस्टरची गोष्ट मात्र आम्हांस सोडवेना. माल्पसपासून ते शहर जवळच. तेथे मध्ययुगापासूनच्या अशा गल्ल्या आहेत की रस्त्याच्या पातळीवर एक दुकान, त्याच्या डोक्यावर लाकडी खांबांची अखंड ओसरी, त्या ओसरीत पुन्हा दुकानांची रांग, आणि वर माडी. पाऊस लागू न देता मनुष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकतो. हेबर बालपणी त्या ओसऱ्यांतून हिंडले असतील. मांडवीच्या आसपास हत्तीवरून जाताना लाकडी खांब आणि वरचे सज्जे पाहून हजारो मैलांवरच्या मनुष्यास आपले गाव आठवले. चेस्टरच्या त्या ओसऱ्या आजही उभ्या आहेत. आपल्या किती उरल्या?

येथे ते घरचे नाते सांगतो. आमचाही एक वाडा होता. मोठा नव्हे, दोन चौकांचा. दिंडी दरवाजा, आत ओसरी, ओसरीवर हिंचका, सागवानी खांब, खांबांवर कमळे, रस्त्याच्या अंगास कोरीव सज्जा. आजोबांच्या आजोबांनी खासगीत कारकुनी करून बांधलेला. २००९ साली आम्ही चार भावांनी सह्या करून तो पाडावयास दिला. कोणाची जबरदस्ती नव्हती. छप्पर गळत होते, वाटण्या व्हावयाच्या होत्या, एका भावाच्या मुलीचे लग्न होते. जुने सागवान विकत घेणारे आले आणि खांब, तुळया, कडीपाट वजनावर घेऊन गेले. त्यानंतर कित्येक दिवसांनी आमच्या ध्यानात आले की त्या सज्ज्याचे एकही धड छायाचित्र घरात नाही. लग्नाच्या चित्रांत मागे कोठेतरी त्याची एक कड दिसते, तीही नवरदेवाच्या मुंडावळ्यांआड. आम्ही मराठीचे एम. ए., जन्मभर मुलांना निबंध लिहावयास शिकविले. आणि आमच्या घराचे चार ओळींचे वर्णन आम्हांकडून झाले नाही. मध्यवर्ती ग्रंथालयात हेबर यांच्या ग्रंथाचे ते पान प्रथम वाचले, तेव्हा आम्ही पुस्तक तसेच मांडीवर ठेवून बराच वेळ बसलो होतो. आमच्या घरासारख्या घरांविषयी दोन वाक्ये लिहून ठेवणारा मनुष्य पाहुणा होता, आणि या गावी काही थोडे दिवसच राहिला होता.

बडोद्यातील त्यांचे मुख्य काम छावणीतील नव्या देवळाच्या प्रतिष्ठापनेचे. ते २० मार्चच्या रविवारी झाले. देऊळ लहान पण नेटके आहे, असा त्यांनी शेरा दिला आहे. मग ते खेड्याकडे निघाले आणि वाटेत नडियादला २६ मार्च १८२५ रोजी एक भेट झाली. गुजरातेत ती भेट अजून आठवली जाते. सहजानंद स्वामी, म्हणजे स्वामिनारायण संप्रदायाचे संस्थापक, त्यांना भेटावयास आले.

स्वामींसोबत सुमारे दोनशे घोडेस्वार होते, तोड्याच्या बंदुका आणि तरवारी घेतलेले. शिवाय पायी चालणारी, तिरकमठे घेतलेली गर्दी. हेबर यांच्या दिमतीस पन्नासावर स्वार आणि पन्नास बंदुकवाले. दोन धर्मगुरू लहानलहान फौजा घेऊन एकमेकांस भेटत आहेत, या देखाव्याचे हेबर यांना हसू आले आणि थोडी लाजही वाटली. पुढे त्यांनी जे लिहिले आहे त्यासाठी आम्ही या मनुष्यास फार गुण देतो. ते म्हणतात की लढाई झाली असती तर कवायती शिपायांच्या बळावर माझीच तुकडी जिंकली असती. पण माझे शिपाई मला ओळखतही नव्हते, माझ्याविषयी त्यांना काही वाटतही नव्हते, आणि स्वामींचे स्वार हे त्यांचे शिष्य होते, प्रेमाने आलेले होते. दोहोंतील नैतिक अंतर त्यांना स्वच्छ दिसले आणि त्यांनी ते लिहून टाकले. स्वामी त्यांना दिसले ते मध्यम उंचीचे, सडपातळ, साधे, वयाने आपल्याएवढेच, आणि मुद्रेवर सौम्य संकोच असलेले. वयाची अटकळ खरीच होती. स्वामी १७८१ चे, हेबर १७८३ चे.

संवाद मात्र फुलला नाही. हेबर यांना आशा होती की सतीची चाल, बालिकाहत्या, दारू, मांस यांविरुद्ध बोलणारा हा पुरुष ख्रिस्ती मतापासून फार दूर नसावा. स्वामींनी श्रीकृष्णाची भक्ती सांगितली आणि हेबर यांचा हिरमोड झाला. समोरच्या माणसाचा चांगुलपणा दिसतो, पण तो आपल्या चौकटीत बसावा हा हट्ट सुटत नाही. पाद्र्यांचाच हा दोष आहे असे नाही. शाळा तपासावयास येणाऱ्या अधिकाऱ्यांतही तो आम्ही पाहिला आहे, आणि घरातल्या सुनांकडे पाहणाऱ्या सासवांत तर वाचकांनीही पाहिला असेल.

आता आमच्या स्नेह्यांच्या रागाचे खरे कारण. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, "हाच ना तो, ज्याने आपल्या लोकांना नीच म्हटले?" होय, हाच. हेबर यांचे एक स्तोत्र ग्रीनलंडच्या बर्फाळ डोंगरांपासून आरंभ करून हिंदुस्थानवर येते. सिंहलद्वीपाची सृष्टी मनोहर, माणूस तेवढा अधम, असा त्यातील एका कडव्याचा भावार्थ. महात्माजींनी १९२५ साली कलकत्त्यास मिशनऱ्यांपुढे बोलताना याच ओळींचा उल्लेख केला आणि त्या आपणांस नेहमी डसत आल्या आहेत असे सांगितले. हेबर बडोद्यास येऊन गेल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

गांधीजींचे म्हणणे बिनतोड आहे आणि आम्ही हेबर यांचे वकीलपत्र घेत नाही. एक तारीख मात्र पुढे ठेवतो. ते स्तोत्र १८१९ चे. रेक्सम गावी सासऱ्यांच्या घरी, मिशनच्या निधीसाठी दुसऱ्या दिवशी प्रवचन व्हावयाचे होते त्यासाठी, एका बैठकीत लिहिलेले. हिंदुस्थानचा किनाराही तोवर त्यांनी पाहिला नव्हता. पाहिल्यानंतरचे लिखाण निराळे आहे. त्यात हिंदू आणि मुसलमान माणसे बुद्धिमान आहेत, सभ्य आहेत, मायाळू आहेत. मूर्तिपूजेवर टीका आहे, ती शेवटपर्यंत आहे. पण माणसावरचा तो सरसकट शिक्का नाही. उलट आपल्याच देशबांधवांच्या एतद्देशीयांशी उर्मट वागण्याची त्यांनी खंत केली आहे. दुर्दैव असे की स्तोत्र कोट्यवधींच्या तोंडी गेले आणि रोजनिशी कपाटात राहिली.

मुंबईत ते एप्रिलमध्ये पोहोचले. तेथे पत्नी आणि मुलगी समुद्रमार्गे येऊन भेटल्या, जवळजवळ दहा महिन्यांनी. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याशी चांगला स्नेह जुळला. घारापुरी, कान्हेरी, कार्ल्याची लेणी झाली. मग खंडाळ्याचा घाट चढून पुणे. पेशवाई जाऊन सातच वर्षे झाली होती. शनिवारवाडा तोवर जळला नव्हता. ती आग १८२८ ची. हेबर यांनी पाहिला तो वाडा असा: आतला चौक देखणा, भोवती कोरीव लाकडी खांबांच्या ओसऱ्या, आणि वापर काय, तर खालच्या मजल्यावर तुरुंग, त्यावर दवाखाना, त्याच्यावर वेड्यांचे इस्पितळ. बाजीरावांच्या वाड्याची ही अवस्था एका परक्याच्या साध्या वाक्यात वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी त्यावर भाष्य केलेले नाही. पुण्याच्या छावणीतील सेंट मेरी देवळाची प्रतिष्ठापना त्यांच्याच हातची. त्याच सुमारास मुंबई सरकारने मोल्सवर्थ साहेबांस मराठी कोशाच्या कामास लावले होते, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली. साम्राज्य आपले काम करीत होते, आणि त्याच पगारावर काही माणसे आपल्या शब्दांचे आणि आपल्या घरांचे टिपण करीत होती. या दोन गोष्टींचा हिशेब एका बेरजेत बसविणे आम्हांस अजून जमलेले नाही.

सिंहलद्वीप करून ते कलकत्त्यास परतले आणि १८२६ च्या आरंभी पुन्हा दक्षिणेस निघाले. मार्चमध्ये कर्नाटकाच्या मुलखातून त्यांनी आपल्या एका मित्रास लिहिले की सध्याच्या साऱ्याखाली शेतकरी, मग तो देशी असो वा गोरा, तग धरणार नाही. जमिनीच्या एकंदर उत्पन्नाचा अर्धा भाग सरकार मागते. आणि कंपनीच्या मुलखातील रयत देशी राजांच्या रयतेपेक्षा गरीब व खचलेली आहे. मित्र साधा नव्हता, ते विन साहेब, विलायतेत कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. हे पत्र पुढे रमेशचंद्र दत्तांनी हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाच्या १९०२ च्या ग्रंथात पुराव्यादाखल वापरले. आणि रमेशचंद्र दत्त कोण? १९०४ पासून ते आपल्या बडोद्याचे महसूलमंत्री होते, पुढे दिवाण झाले, आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. लाटपाद्र्यांचे पत्र असे फिरून बडोद्याच्याच दिवाणांच्या हाती आले.

मार्चच्या अखेरीस ते तंजावरास पोहोचले. २६ मार्चला ईस्टरचा रविवार होता, म्हणजे नडियादच्या भेटीस बरोबर वर्ष झाले होते. श्वार्ट्‌झ साहेबांच्या देवळात उपासना झाली. तेथे संगमरवरी स्मारक होते, लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून आणलेले. आणि ते घडविणारे तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी. लहानपणी दत्तक म्हणून आलेल्या सरफोजींच्या जिवाला आणि हक्काला धोका असताना श्वार्ट्‌झ यांनी त्यांचा सांभाळ केला, त्यांना शिकविले. सरफोजींनी गुरूवर इंग्रजीत स्मृतिलेखही स्वतः रचला. धर्म मात्र बदलला नाही, आणि गुरूने त्यासाठी शिष्याचा त्यागही केला नाही.

हेबर आणि सरफोजी यांची भेट झाली. हेबर यांनी अनेक मुकुटधारी पाहिले होते, लखनौचे, दिल्लीचे, युरोपातले. त्यांनी लिहिले की याहून अधिक राजेपणाने वागणारा एकही पाहिला नाही. राजे लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ या शास्त्रज्ञांविषयी सहज बोलत. शेक्सपिअरच्या काव्यगुणांवर त्यांचे मत लॉर्ड बायरनपेक्षा अचूक होते. आणि घोड्यांची पारख व वाघाच्या शिकारीतील नेम याबद्दलही त्यांची ख्याती होती. हा राजा घरात मराठी बोलत होता. याच्याच कारकीर्दीत बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा तो प्रचंड मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला, आणि याच्याच हौसेने सरस्वती महाल ग्रंथालय आजच्या वैभवास आले. राज्य कंपनीने १७९९ च्या तहाने काढून घेतले होते. किल्ला आणि तनखा तेवढा उरला. अधिकार गेलेल्या राजाने ग्रंथ जमविले. राजपुत्र शिवाजी यांस सोबत नेऊन आपल्याजवळ काही दिवस शिकवावे अशी हेबर यांची इच्छा होती. मुलाला दूर धाडण्यास आईने मान्यता दिली नाही. परमुलखातल्या कोणत्याही मराठी आईने दिली नसती.

तंजावरहून ते त्रिचनापल्लीस गेले. २ एप्रिलच्या रविवारी प्रवचन झाले. सोमवारी, ३ एप्रिल १८२६ रोजी पहाटे किल्ल्यातील देवळात जाऊन त्यांनी तमिळ मंडळींना संस्कार दिला, परत आले, आणि उन्हाचा शीण घालविण्यासाठी स्नानाच्या हौदात उतरले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात म्हणून नोकराने पाहिले, तो ते पाण्यात निश्चेष्ट. वय बेचाळीस. त्यांचे दफन तेथल्याच सेंट जॉन देवळात झाले. ती ३ एप्रिल म्हणजे सहजानंद स्वामींची जन्मतारीख होय. स्वामी त्या दिवशी पंचेचाळीस वर्षांचे झाले. अशा योगायोगांत काही अर्थ नसतो, तरी आमच्यासारख्यांची लेखणी तेथे अडतेच.

रोजनिशी अमेलियाबाईंनी १८२८ साली छापून काढली. नवऱ्याने रात्री दिव्याखाली आपल्यासाठी लिहिलेले दोन वर्षांत सर्व जगापुढे ठेवावयाचे, हे काम त्या बाईंनी कसे केले असेल ते त्याच जाणोत. हेबर यांचे अँग्लिकन मंडळही आता येथे त्या नावाने नाही. दक्षिणेत १९४७ साली आणि उत्तरेत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ते इतर पंथांबरोबर एकत्र होऊन त्याची संयुक्त मंडळी झाली.

हे सारे आम्ही स्नेह्यांस तोंडीच सांगितले, पत्रोत्तराऐवजी. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि मग म्हणाले, "गुरुजी, आमचाही वाडा दिवाळीनंतर जायचा आहे. मुलगा पुण्यास, मुलगी बंगलोरला. मी आणि ही, दोघांना एवढे झाडवतसुद्धा नाही." आम्ही काय बोलणार? आमच्या सह्या आधीच झालेल्या होत्या.

पुढल्या शनिवारी आम्ही शाळेतील मराठीच्या वर्गाची नऊ मुले घेऊन गेलो. वर्गात आहेतच अकरा. प्रत्येकास वाड्याचा एक भाग नेमून दिला आणि दिसेल ते लिहा म्हणून सांगितले. खण मोजा, पायऱ्या मोजा, कोनाडे मोजा, नाव ठाऊक नसेल तर आजोबांना विचारा. स्नेही आधी खुर्चीवर बसून होते. अर्ध्या तासाने उठले, काठी घेऊन मुलांच्या मागे हिंडू लागले, धान्याचे बळद कोठे होते, भुयार आहे असे लहानपणी आम्हांस भिववीत ते कोठे, असे दाखवू लागले. सातवीतली एक मुलगी रस्त्याकडच्या कठड्याशी उभी राहून लिहीत होती. त्यांनी वाकून तिच्या वहीत पाहिले.

"गॅलरी नव्हे, बाळ," ते म्हणाले. "सज्जा लिही. जोडाक्षर आहे, ज ला ज."